टायगर काही बसेना

नोकरीत असताना बापूजी लोनबल्यांचं आणि कुत्र्यांचं नातं फक्त माईकवरून होतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावच्या बस स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते, आणि फलाटावर एखादं कुत्रं आडवं झालेलं दिसलं की ते त्याला माईकवरूनच उठवायचे. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' याच्या पाठोपाठ, आवाजाची पट्टी जराही न बदलता, 'हाड्' असं यायचं. कुत्री उठायचीच, पण सवयीनं एखाददुसरा प्रवासीही पिशवी उचलून उभा राहायचा. असा माणूस निवृत्तीनंतर भद्रावतीहून एक भला थोरला कुत्रा घरी घेऊन आला, तेव्हा गल्लीतल्या लोकांनी पहिला प्रश्न विचारला तो कुत्र्याबद्दल नव्हता. 'बापूजींची तब्येत बरी आहे ना?' असा होता.

तब्येत बरी होती. कारण वेगळं होतं, आणि त्या कारणाचं नाव भाग्यश्री.

भाग्यश्री ही बापूजी आणि पार्बताबाईंची एकुलती एक मुलगी, लग्नानंतर फार वर्षांनी झालेली. चार वर्षांची झाली तरी बोलेना, हाक मारली तर वळून बघेना, म्हणून तिला नागपूरला नेलं. डॉक्टरांनी एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं आणि वर म्हणाले, की ही पोर वाढेल, शिकेल, पण तिच्या चालीनं. तुम्ही घाई करून उपयोग नाही. घाई न करण्याची बापूजींना एस.टी.मुळे सवय होतीच.

मग गावातल्या एका संस्थेच्या विशेष शाळेत ती जाऊ लागली, आणि बापूजींच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस सुरू झाले. सकाळी तिचा हात धरून शाळेत सोडायचं. दुपारी शाळा सुटली की ती थेट नियंत्रकाच्या खोलीत. तिथं खिडकीशी एक लाकडी स्टूल होतं, ते तिचं. पाय हलवत ती बसायची. बापूजी माईक हातात घ्यायचे तेव्हा टेबलावर तळवा ठेवून ती आवाजाची थरथर अनुभवायची आणि गालात हसायची. कॅन्टीनवाला न सांगता भज्यांचा पुडा आणून द्यायचा. ड्रायव्हर खिडकीशी येऊन अदबीनं विचारायचे, "बाईसायेब, गाडी काढू काय?" ती बराच वेळ विचार करून मान हलवायची, आणि तोवर गडचिरोलीची गाडी खरोखरच थांबलेली असायची. महामंडळाच्या वेळापत्रकात याची कुठेही नोंद नाही, पण सावलीच्या गाड्या काही वर्षं भाग्यश्रीच्या परवानगीनं सुटत होत्या. त्या खोलीचा, भज्यांच्या आणि डिझेलच्या त्या मिसळलेल्या वासाचा विषय निघाला की बापूजी अजूनही माईक धरल्यासारखी मूठ वळतात.

मग कोरोना आला. शाळा बंद, स्टँड बंद. त्यातच बापूजी निवृत्त झाले. छत्तीस वर्षं लोकांना निरोप देणाऱ्या माणसाचा स्वतःचा निरोप समारंभ दोन माणसांत आणि तीन मास्कांत उरकला. तिसरा मास्क त्यांना भेट म्हणून मिळाला होता. पुढे सगळं पुन्हा सुरू झालं, पण भाग्यश्री घराबाहेर पडेना. ओट्यावरून उतरायची, अंगण ओलांडून फाटकापर्यंत यायची, फाटकाची सळई धरायची आणि तिथंच थांबायची. हात धरून ओढलं तर खाली बसून अशी किंचाळायची, की तिच्यापेक्षा ओढणाऱ्यालाच रडू यावं. मोठ्या कष्टानं आलेले चार शब्द होते, पानी, आई, नाई आणि भजा, तेही गेले. पंधरा वर्षांची मुलगी दिवसभर सळई धरून रिकाम्या गल्लीकडे बघत उभी. बापूजींना दुसरं काही नको होतं. तिनं एकदा ते फाटक ओलांडावं, एवढंच.

शाळेच्या पुनम मॅडम घरी आल्या. वयानं लहान, पण मुलांना समजून घेण्यात हुशार. सळईशी उभ्या भाग्यश्रीजवळ त्या बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, एक कुत्रा आणून पाहता काय?"

बापूजींना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मोठ्या शहरांत करतात असं," मॅडम सांगू लागल्या. "कसं आहे, आपण माणसं हिला सारखं विचारतो. भूक लागली का, जातेस का, काऊन रडतेस. कुत्रा काही विचारत नाही. तो नुसता बाजूला बसतो. हात ठेवला तर ठेवू देतो, काढला तर राग नाही. मुलांचं मन निवते. शाळेतल्या मोठ्या मुलांच्या वर्गातही आणता येईल आठवड्यातून दोनदा. पण शांत पाहिजे, वयानं मोठा पाहिजे, आणि सांगितलेलं ऐकणारा पाहिजे. ये म्हटलं की आला, बस म्हटलं की बसला."

बापूजींच्या घरी कुत्रा येणार ही बातमी गल्लीत पोचायला कुत्रा यावा लागला नाही. शेजारचे मुखरूभाऊ निकुरे लगेच फाटकाशी हजर झाले. मुखरूभाऊ प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते, पण सल्ल्यातून निवृत्त झाले नव्हते.

"कुत्रा काऊन घेता बापूजी? बकरी घ्या. बकरीबी बाजूले बसते. वरून दूध देते."

"मॅडमनं कुत्रा सांगितला जी."

"मॅडम शहरातली. तिले का माहीत? इथी कुत्रा म्हन्जे बिबट्याचा डबा. मागच्या साली सुकलूचा कुत्रा नेला का नाई अंगणातून? बकरीले निदान गोठा असते."

"बिबट बकरीबी नेते ना."

"नेते," मुखरूभाऊंनी उदारपणे मान्य केलं, "पन बकरी गेली त दुःख कमी होते."

मात्र कुत्रा शोधला तो मुखरूभाऊंनीच. त्यांचा भाचा भद्रावतीला कारखान्याच्या वसाहतीत राहायचा. तिथं देशभरातली माणसं नोकरीला. शेजारचं एक कुटुंब निवृत्त होऊन गावी निघून गेलं होतं आणि त्यांचा सहा वर्षांचा लॅब्राडोर पुढल्या घरच्या हिंदी बोलणाऱ्या बाईंकडे ठेवून गेलं होतं. बापूजी तिथं पोचले तेव्हा तो दारात बसला होता. पिवळसर, रुंद डोक्याचा, आणि डोळे असे, की सगळ्या जगाला त्यानं आधीच माफ करून टाकलंय.

"टायगर नाम है," बाई म्हणाल्या. "बहुत समझदार है. सब समझता है भाईसाब, बस बोलता नहीं."

 असं एक आमच्याही घरी आहे, असं म्हणावंसं त्यांना वाटलं, पण अनोळखी बाईंसमोर डोळ्यांत पाणी आणणं बरं दिसलं नसतं. त्यांनी दोरी हातात घेतली.

मुखरूभाऊंनी गाडी करून आणायचा सल्ला दिला होता, पण आयुष्य एस.टी.त काढलेल्या माणसानं खाजगी गाडीनं यावं हे तत्त्वात बसत नव्हतं. चंद्रपूरहून सावलीला येणाऱ्या गाडीवर कंडक्टर होता दिनेश, बापूजींच्या हाताखाली तयार झालेला.

"सर, राहू द्या तिकीट. कोन पाहते," दिनेश म्हणाला.

"मी पाहतो ना," बापूजी म्हणाले, आणि पाळीव प्राण्यांच्या नियमाचं कलम त्याला तोंडपाठ म्हणून दाखवलं. दिनेशनं ते कलम जन्मात ऐकलं नव्हतं. तो मशीनची बटणं दाबत बसला, तेवढ्यात टायगर शांतपणे आत शिरला आणि आमदारांसाठी राखीव असलेल्या जागेवर चढून खिडकीला नाक लावून बसला. बापूजी म्हणाले, "उतर." टायगरनं त्यांच्याकडे प्रेमानं पाहिलं. बापूजी म्हणाले, "टायगर, खाली." टायगर जरा सरकला आणि बाजूला त्यांच्यासाठी जागा करून दिली.

"बसू द्या जी," मागून एक म्हातारा म्हणाला. "त्या सीटवर कोनी येऊन बसलेलं पयल्यांदाच पाहून राह्यलो."

सगळी गाडी हसली. ज्या रस्त्यावर छत्तीस वर्षं त्यांच्या शब्दाशिवाय चाक हललं नाही, त्याच रस्त्यावर बापूजी लोनबले मूल गाव येईपर्यंत कुत्र्याच्या शेजारी मान खाली घालून बसून राहिले.

घरी पहिलं संकट नावामुळे आलं. जंगलाला लागून असलेल्या, वाघाच्या सावली तालुक्यात संध्याकाळी कुणी मोठ्यानं 'टायगर आला' म्हणू नये, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. बापूजींना सांगायची गरज नव्हती, पण त्यांच्या डोक्यात आलं नाही. दिवेलागणीला दोरी सुटली, आणि त्यांनी स्टँडवरचा तो कमावलेला आवाज लावला. "टायगर. टायगर गेला. मुखरूभाऊ, टायगर तुमच्या घराकडं आला." गल्लीतली दारं धडाधड बंद झाली. मुखरूभाऊ ओट्यावर पेपर वाचत होते ते चष्मा तिथंच टाकून आत गेले. पलीकडच्या आळीत कुणीतरी थाळी बडवायला लागलं. अर्ध्या तासात वनरक्षक मोटारसायकलवर येऊन उभा.

"कुठी पाहिला सायेब?"

बापूजींनी अंगणात झोपलेल्या टायगरकडे बोट दाखवलं. वनरक्षकानं हातातला टॉर्च विझवला. मग हात जोडून म्हणाला, "नाव बदला ना जी याचं. मले तेरा फोन आले."

मोती, राजा, शेरू अशी नावं झाली. मुखरूभाऊंनी 'शांताराम' सुचवलं. टायगर कुठल्याच नावाला मान वळवेना, तेव्हा टायगरच ठेवलं आणि ते हळू आवाजात उच्चारायचं ठरलं. पुढे कित्येक दिवस त्या घरातली माणसं स्वतःच्या कुत्र्याला गुपित सांगितल्यासारखी हाक मारत.

भाग्यश्रीनं मात्र पहिल्या दिवसापासून त्याला ओळखून घेतलं. ती सळईशी उभी राहिली की टायगर जाऊन तिच्या पायांशी बसायचा. तिनं हात खाली सोडला की त्याच्या डोक्यावर पडायचा. तिथंच राहायचा. किंचाळणं कमी झालं. पार्बताबाई, ज्यांनी सुरुवातीला 'घरात केस पडतात' म्हणून तोंड फिरवलं होतं, त्या गुपचूप त्याला भातात तूप घालू लागल्या.

पण फाटक फाटकाच्या जागी आणि पोरगी फाटकाच्या आत. मॅडम म्हणाल्या, "टायगर शाळेत येऊ लागला तर त्याच्या मागं ही येईल. मात्र संस्थेची परवानगी पाहिजे." संस्थेचे सचिव होते कोंतमवार साहेब. कापडाचं दुकान, कपाळावर गंध, आणि कुठल्याही नव्या गोष्टीत धोका कुठं आहे हे सगळ्यात आधी शोधणारी नजर. त्यांनी लसीचा दाखला मागितला. गुरांच्या डॉक्टरांनी सुई टोचली. टायगर हलला नाही, धरून बसलेले बापूजी हलले. मग त्यांनी कुत्र्याचा चारित्र्याचा दाखला मागितला. तो कोण देतं हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी ठरलं, की साहेब स्वतः परीक्षा घेतील.

फेब्रुवारीत शाळेच्या पटांगणात परीक्षा झाली. बापूजी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. टायगरलाही पार्बताबाईंनी न्हाऊ घातलं होतं. भाग्यश्री अर्थातच घरी, सळईशी.

"बस," बापूजी म्हणाले. टायगर उभा होता तो उभाच राहिला.

"बस ना बाबू," बापूजी म्हणाले. टायगरनं शेपटी हलवली.

"हिंदीत सांगून पाहा," मुखरूभाऊ कुंपणापलीकडून म्हणाले. "बैठ." टायगरनं मुखरूभाऊंकडे पाहिलं. मॅडमनी इंग्रजीत 'सिट' म्हणून पाहिलं. वर्गाच्या खिडकीतून मोठी मुलं बघत होती; त्यातला रोशन नावाचा मुलगा 'बस' म्हटलं की स्वतः बसायचा आणि 'ये' म्हटलं की धावत यायचा, त्यामुळे परीक्षेत एक जण तरी पास होत होता. शेवटी बापूजींनी स्वतः जमिनीवर बसून दाखवलं. टायगर त्यांच्यासमोर उभा राहून त्यांचं तोंड चाटू लागला.

"बापूजी," कोंतमवार साहेब म्हणाले, "कुत्रा बसत नाही, तुम्ही बसून राह्यले. उद्या पोराच्या अंगावर गेला त थांब म्हटलेलं ऐकंन काय हा?"

 बापूजी शर्टाच्या मागची माती न झटकताच घरी आले. ज्याचं म्हणणं अख्खा स्टँड ऐकत होता, त्याचं एक कुत्रं ऐकत नाही, हे दुःख होतंच. पण खरं दुःख घरी आल्यावर झालं. भाग्यश्री सळईशी वाट बघत होती, त्यांची नव्हे, टायगरची. आणि आपल्या हातून हेही झालं नाही, असं त्यांना वाटलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

असेच दीड-दोन महिने गेले. गुढीपाडव्याच्या सुमारास समोरची गोकुळाबाई मिरची तोडून परत आली. धानाची कामं संपली की आपल्याकडच्या बायका जथ्थ्यानं तेलंगणात मिरची तोडायला जातात, गोकुळाबाई दरवर्षीची. मजुरीत मिळालेली मिरची वाळवायला जागा हवी, म्हणून तिनं ती बापूजींच्या अंगणात पसरली. टायगरनं आयुष्यात एवढं लाल काही पाहिलं नसावं. तो सरळ मिरच्यांत शिरला.

गोकुळाबाईनं मानही वर केली नाही. "वद्दु," ती म्हणाली. "पो."

टायगर मागे सरकला.

ओट्यावर चहा पिणाऱ्या बापूजींच्या हातातला कप तिथंच थांबला. गोकुळाबाईलाही नवल वाटलं. तिनं म्हणून पाहिलं, "रा." टायगर आला. "कूर्चो." टायगर बसला, पंजे जुळवून, छाती काढून, सहा महिने कुणी विचारण्याचीच वाट बघत असल्यासारखा.

"हा आपल्याकडला नोहे बापूजी," गोकुळाबाई म्हणाली. "हा तिकडला होय. तेलुगू."

बापूजी कप ठेवून खाली उतरले आणि सगळ्या गल्लीदेखत कुत्र्याची क्षमा मागितली. जुने मालक तेलुगू, बिचारा सहा महिने परक्या भाषेत, आणि आपण त्याला ढ म्हणत होतो. आपण कधी सिरोंच्याच्या पलीकडे गेलो आणि कुणी आपल्याला तेलुगूत 'बस' म्हणालं, तर आपण तरी बसू काय?

"तुले तेलुगू येते वं?" पार्बताबाईंनी विचारलं.

"कुठचं येते. मुकादम दिवसभर जे ओरडते तेवढं येते. रा म्हन्जे ये. पो म्हन्जे जा. आगु म्हन्जे थांब. वद्दु म्हन्जे नको. अन् कूर्चो म्हटलं का जेवाची सुट्टी, बसा. मले त्यातला कूर्चोच आवडते."

दुसऱ्या दिवसापासून अंगणात शिकवणी सुरू झाली. गुरू गोकुळाबाई, विद्यार्थी बापूजी, आणि टायगरला सगळं आधीच येत होतं. अडचण अशी, की बापूजींच्या तोंडून कुठलाही शब्द निघाला तरी तो फलाटावर गाडी लागल्यासारखा निघायचा. "टायगर, कूर्चो," ते गंभीरपणे, शेवटच्या अक्षरावर आवाज लांबवत म्हणायचे, आणि टायगर आवाज कुठून आला ते बघायला घराला चक्कर मारून यायचा.

"तुमी त्याले नागभीडची गाडी लागली असं सांगून राह्यले," पार्बताबाई म्हणाल्या. "सादं बोला ना."

"मी सादंच बोलून राह्यलो."

"हे सादं? हे ऐकून मीच पिशवी उचलाले चालली होती."

बापूजी चिडले. मुखरूभाऊ कुंपणावर कोपर टेकून उच्चार सुधारू लागले, तेव्हा अधिकच चिडले. त्यांनी घसा खाकरला, छाती भरली, आणि तेवढ्यात सळईच्या बाजूनं एक बारीक, सपाट, चढउतार नसलेला आवाज आला.

"कूर्चो."

टायगर बसला.

 भाग्यश्री सळईला पाठ लावून टायगरकडे बघत होती. तिनं पुन्हा म्हटलं, "रा." टायगर उठून तिच्याकडे गेला. "कूर्चो." बसला. तिनं खाली वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि हसली, तेच, नियंत्रकाच्या खोलीतल्या टेबलाशी हसायची ते. दोन वर्षांत त्या घरात कुणी ते पाहिलं नव्हतं.

पार्बताबाई पदर तोंडाला लावून खाली बसल्या. "पंधरा वर्सं मी हिच्याशी मराठी बोलली," त्या रडत, हसत म्हणाल्या, "अन् पोट्टी बोलली त तेलुगूत बोलली."

त्या उन्हाळ्यात टायगर जेवढा बसला आणि उठला तेवढा कुठला कुत्रा जन्मात बसला-उठला नसेल. भाग्यश्री सकाळी उठून त्याला बसवायची, दुपारी बसवायची, झोपताना बसवायची. तो थकायचा, पण नाही म्हणायचा नाही. त्याला 'वद्दु' ऐकता येत होतं, म्हणता येत नव्हतं. मॅडम येऊन बघायच्या आणि डोळे पुसायच्या. एकदा शाळेतल्या निशाला घेऊन आल्या. ती कुणाचा स्पर्श सहन करत नसे, पण टायगरच्या कानाशी तिनं एक बोट लावून पाहिलं. फाटक मात्र तसंच होतं. टायगरला घेऊन भाग्यश्री फाटकापर्यंत जायची, 'आगु' म्हणायची, टायगर थांबायचा, आणि तीही थांबायची.

जूनच्या मध्यात कोंतमवार साहेब फेरपरीक्षेसाठी स्वतः बापूजींच्या अंगणात आले. भाग्यश्रीनं टायगरला बसवलं, थांबवलं, बोलावलं. साहेब ऐकत राहिले. मग त्यांची नजर धोका शोधू लागली.

"हे तेलुगूत काऊन?"

"त्याले तेच समजते जी."

"पन शाळा आपली मराठी माध्यमाची आहे. उद्या तपासणीले कोनी आलं अन् म्हटलं, वर्गात तेलुगूत शिकवता, त मी काय उत्तर देऊ?"

"कुत्र्याचं नाव हजेरीपटावर नाई ना साहेब," मॅडम म्हणाल्या.

"तरी पन," साहेब म्हणाले, आणि पुढे काही बोलणार तेवढ्यात भाग्यश्री त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती कुणाकडे फारसं पाहत नाही. बाजूच्या खुर्चीवर हात ठेवून म्हणाली, "कूर्चो."

कोंतमवार साहेब बसले.  बोलले तेव्हा आवाज निराळाच होता. "माझी आजी असंच म्हनायची," ते म्हणाले. "ताट वाढून ठेवलं का. आमच्या घरी ती गेल्यावर कोनी तेलुगू बोललंच नाई. आमालेही येत नाई आता." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पुन्हा म्हन ना बाई एकदा."

भाग्यश्री पुन्हा म्हणाली नाही. तिच्या मते ते आधीच बसलेले होते. पण परवानगी मिळाली.

जून संपत आला आणि शाळा उघडण्याचा दिवस उजाडला. शाळेची व्हॅन गल्लीत शिरत नाही, म्हणून कोपऱ्यावर उभी राहिली, आणि मॅडम तिच्या दाराशी. बापूजी पहाटेपासून तयार होते. भाग्यश्रीची पिशवी त्यांच्या खांद्यावर, पाण्याची बाटली हातात, आणि ती किंचाळली तर काय, बसली तर काय, याची सगळी उत्तरं मनात घोकून झालेली. मुखरूभाऊ दात घासण्याच्या निमित्तानं कुंपणाशी. गोकुळाबाई समोरच्या ओट्यावर. 

भाग्यश्री टायगरसह फाटकाशी आली. सळई धरली. थांबली.

बापूजींनी नेहमीप्रमाणे तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला. त्यांना वाटलं, संपलं, आता खाली बसेल. पण ती वळली आणि त्यांच्या खांद्यावरची पिशवी ओढून आपल्या खांद्यावर घेतली. मग म्हणाली,

"कूर्चो."

टायगर बसला. आणि छत्तीस वर्षं सगळ्या गाड्यांना हुकूम देणारे बापूजी लोनबले, का ते त्यांनाही कळलं नाही, पण तेही ओट्याच्या पायरीवर बसले.

भाग्यश्रीनं कडी काढली. फाटक उघडलं. एक पाय बाहेर, मग दुसरा, आणि ती गल्लीत उभी राहिली, एकटी, उन्हात, कुणाचाही हात न धरता. तिनं मागे वळून पाहिलं. "रा," ती म्हणाली, आणि टायगर उठून तिच्यामागे गेला. दोघं गल्लीतून चालत गेली, तिच्या चालीनं, दर खांबापाशी थांबत. कोपऱ्यावर ती व्हॅनमध्ये चढली. टायगर चढला. दार लागलं. मुखरूभाऊ तोंडातला फेस थुंकायचं विसरून गेले.

व्हॅनचा आवाज ऐकू येईनासा झाला तरी बापूजी तिथंच बसून होते, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन, डोळ्यांतून येतं ते न पुसता.

"उठा ना जी आता," पार्बताबाई हळूच म्हणाल्या. "ऊन आलं तुमच्या अंगावर."

"थांब वं," बापूजी म्हणाले. "तिनं मले अजून रा नाई म्हटलं."